गावाची माहिती लिहायची तर शिवेपासून

पहिले दोन दिवस वही घरी ठेवा आणि गावाची शीव, म्हणजे हद्द, फिरून या. सोबत असा माणूस घ्या, ज्याने लहानपणी गुरं राखली आहेत. माझ्याबरोबर आमचे थोरले भावोजी होते, वय ब्याऐंशी. आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला. कुठे आंबा, कुठे पुरलेला धोंडा, कुठे ओढ्याचं वळण, सगळी शीव त्यांनी पायाखाली घालून दाखवली. घरी आलात की त्याच रात्री लिहून काढा.

ओढा कुठल्या नदीला मिळतो हे आधी लिहा. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते. त्याच डोंगरातलं म्हादईचं पाणी गोव्यात उतरतं. आमच्याकडे तांबडी जमीन आणि भात, बैलहोंगल-सौंदत्तीकडे काळी जमीन आणि ज्वारी. भूगोलाला एवढं पुरे. नकाशा कुणीही काढेल.

खरा वेळ शेतांच्या नावांना द्या. उताऱ्यावर सर्वे नंबर मिळतो, शेताचं नाव मिळत नाही. ‘गुरवकी’ म्हटलं की कळतं, ही जमीन कधीतरी देवळाच्या गुरवाला लावून दिलेली होती. ‘तळ्याखालचं’ म्हणतात आणि तिथे आज तळं नाही, म्हणजे ते बुजलं कधी हे विचारायला हवं. मला त्रेसष्ट नावं मिळाली. त्यातली निम्मी सांगणारी माणसं सत्तरीच्या पुढची आहेत, म्हणून हे काम पुढच्या उन्हाळ्यावर ढकलू नका.

म्हाताऱ्या माणसांना सन विचारू नये. ‘लक्ष्मीची यात्रा झाली तेव्हा तू केवढी होतीस गं, आजी?’ असं विचारावं. यात्रा कितीतरी वर्षांनी येते, त्यामुळे लग्न, विहीर, घर जळालं ते साल, सगळं तिच्या अलीकडे-पलीकडे पक्कं बसलेलं असतं. मग मराठी शाळेचं जनरल रजिस्टर काढा, त्या आजीच्या धाकट्या भावाचं नाव कोणत्या साली घातलं ते बघा. यात्रेच्या वेळी तो भाऊ केवढा होता हे आजीला विचारलं, की त्यावरून यात्रेचं सालही सापडतं.

देवळामागे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड, पडलेला असेल तर त्याला रंग, चुना लावू देऊ नका. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा. आपल्या तालुक्यातली हलशी ही कदंब राजांची एक राजधानी होती, तेव्हा आपल्या भागातल्या दगडावर जुन्या कन्नडातली अक्षरं निघू शकतात. आपण मराठी बोलतो म्हणून ती वगळायची नाहीत, तीही आपल्या गावाचीच. उलट जुने जमिनीचे कागद मोडीत निघतात. दोन्हींसाठी वाचणारा शोधावा लागतो, अंदाजाने काही लिहू नये.

कागदावरचा पत्ता बदलत गेलाय, तो सालांसकट द्या. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्य, नंतर म्हैसूर, १९७३ पासून कर्नाटक. २०१४ मध्ये बेळगावचं बेळगावी झालं. चंदगड तालुका १९५६ ला आपल्या जिल्ह्यातून कोल्हापुरात गेला. आत्याचं सासर जुन्या कागदात बेळगाव जिल्ह्यात दिसलं तर ती चूक नव्हे.

पंचायतीबद्दल लिहिताना ‘सरपंच’ लिहू नका. पलीकडे महाराष्ट्रात सरपंच, इथे अध्यक्ष; कारभार पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, बघतात. सुमारे ४०० लोकसंख्येमागे एक सदस्य, मुदत ५ वर्षं, आणि निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं. एका पंचायतीत बऱ्याचदा तीन-चार गावं असतात. आपल्या गावाचे सदस्य किती आणि ग्रामसभा कुठे भरते, हे अवश्य नोंदवा. कागद कन्नडमध्ये असतात. पंचायतीत जाताना कन्नड शाळेत शिकलेली पुतणी बरोबर न्या.

गावाचं नाव पंचायतीच्या पाटीवर एक, उताऱ्यावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं असतं. तिन्ही लिहा, पण गावकरी बोलतात ते सगळ्यांत वर.

वही झाली की झेरॉक्स काढण्याआधी गावात वाचून दाखवा. आमच्या भावोजींनी पडवीत बसून सगळी ऐकली आणि दोन शेतांची नावं दुरुस्त केली. मग चार प्रती काढल्या: शाळा, वाचनालय, देवस्थानचे पंच, पंचायत.