रानातल्या हरणांना खाऊ घालताय? या चुका टाळा

बर्फ साचलेला असतो, बरगड्या दिसणारं हरीण कुंपणाशी येऊन उभं राहतं आणि आपला हात मक्याच्या पोत्याकडे जातो. तिथेच थांबा. भर हिवाळ्यात अचानक मिळालेल्या धान्यानं हरणं मरतात, तीही पोट भरलेलं असताना.

हरीण रवंथ करणारं जनावर. त्याच्या पोटाचे चार कप्पे असतात आणि अन्न पचवण्याचं मुख्य काम रूमेन या मोठ्या कप्प्यातले सूक्ष्मजीव करतात. थंडीत ते काटक्या, कळ्या, साल असलं चोथ्याचं खाणं पचवायला सरावलेले असतात. धान्याशी जुळवून घ्यायला त्यांना दोन-तीन आठवडे लागतात. त्याआधीच मका पोटभर गेला, तर त्यातल्या पिष्टाचं झपाट्यानं लॅक्टिक आम्ल होतं, रूमेनचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) घसरतो आणि अंगातलं पाणी पोटाकडे ओढलं जातं. हरीण सुस्त होतं, पाय लटपटतात आणि एक-दोन दिवसांत ते दगावू शकतं. गुरांना आंबोण जास्त झालं की काय होतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मका बुरशी लागलेला असेल तर अफ्लाटॉक्सिनचं विषही पोटात जातं.

त्यापेक्षा हरणांना ओळखीच्या झाडांच्या कोवळ्या फांद्या तोडून जागेवरच पडू द्या. आणि त्यांना हुसकावू नका. हिवाळ्यात हरीण कमी खातं, कमी हलतं, साठवलेल्या चरबीवर दिवस काढतं. प्रत्येक धावपळ त्या साठ्यातून जाते.

दुसरी चूक म्हणजे रोज एकाच जागी ढीग घालणं. एरवी विखरून चरणारी हरणं तिथे तोंडाला तोंड लावून खातात, लाळ आणि लेंड्या त्याच मातीत मिसळतात. १९६७ मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त हरणांमध्ये पहिल्यांदा लक्षात आलेला क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांना झिजवून मारणारा रोग असाच पसरतो. तो प्रायॉन नावाच्या विकृत प्रथिनामुळे होतो. हे प्रायॉन मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि या रोगावर ना औषध आहे ना लस. अमेरिकेत अनेक ठिकाणी हरणांना खाऊ घालण्यावर बंदी किंवा निर्बंध आहेत, म्हणून आधी आपल्या भागातला नियम पाहा. मला विचाराल तर नियम नसला तरी ढीग घालू नये.

मग चारा पेरायचा का? हो, हा मार्ग बराच सुरक्षित आहे. पण बहुतेक जण आधी बियाणं आणतात आणि माती तपासतच नाहीत. क्लोव्हर या द्विदल चाऱ्याला मातीचा साधारण ६ ते ७ सामू लागतो. आम्लधर्मी मातीत चुना टाकावा लागतो आणि त्याचा परिणाम दिसायला काही महिने जातात, म्हणून तो पेरणीच्या बऱ्याच आधी मिसळा. क्लोव्हरचं बी बारीक असतं. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर नीट उगवत नाही. वरवर फेकून माती दाबली की पुरे.

उगवलं, पण पिवळं पडलं? एक रोप मुळासकट हळूच उपटा आणि मुळावरची गाठ फोडून बघा. आतून गुलाबी असेल तर नत्र मिळतंय. गाठीच नसतील किंवा आतून पांढऱ्या असतील, तर बियाण्याला त्या पिकाचं रायझोबियम (गाठीत नत्र बांधणारे जिवाणू) लावायचं राहिलं असेल किंवा सामू चुकला असेल.

पीक वाढतच नाही? दोष मातीचा की चरण्याचा, हे नुसतं पाहून कळत नाही. पेरतानाच मीटरभर रुंदीचा जाळीचा पिंजरा मध्ये उभा करा. आत गुडघाभर आणि बाहेर बोटभर असेल, तर तोंडं जास्त आणि जमीन थोडी. आत-बाहेर सारखंच खुरटलं असेल, तर माती पाहा. छोट्या तुकड्यात सोयाबीन लावणं जास्त चरण्यामुळेच फसतं. कोवळं रोप बीजपत्रांच्या (उगवताना दिसणाऱ्या पहिल्या दोन जाड पानांच्या) खालून खुडलं की पुन्हा फुटत नाही. ओट किंवा गव्हाचा वाढीचा कोंब सुरुवातीला जमिनीलगत असतो, त्यामुळे वरचा पाला खाल्ला तरी तो पुन्हा फुटतो. तुकडा लहान असेल तर हेच पेरा.

जागा रस्त्यापासून लांब निवडा, नाहीतर संध्याकाळी चरायला निघालेली हरणं गाड्यांसमोर येतात. जंगलाच्या कडेची दाट सावली थोडी विरळ केली, तर उजेड खाली पोचतो आणि हरणांच्या सवयीची झुडपं न पेरताच फुटतात.