बाळंतिणीचं रडू: दिवस मोजा, झोप बघा

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतिणीला एकदम रडू कोसळतं. बाळ छान आहे, दूध येतंय, तरी दुपट्याची घडी घालता घालता डोळे भरून येतात. वार (प्लॅसेंटा) पडली की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं काही दिवसांतच झपाट्यानं उतरतात. त्यात जागरण, टाक्यांची ठणक. निम्म्याहून जास्त बायकांना हे होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. तेवढे दिवस तिला रडू द्या. ‘आता तर आनंदात राहायला हवं’ हे वाक्य कृपा करून कुणी उच्चारू नका; त्यानं ती रडायची थांबत नाही, लपून रडते.

कॅलेंडरवर चौदाव्या दिवसाला खूण करा.

तोवर खरं काम झोपेचं. बाळाला दिवसा सगळे घेतात आणि रात्री एकटीवर सोडतात, इथंच बहुतेक घरं चुकतात. दूध नीट सुरू होईपर्यंत रात्रीचं पाजणं चुकवू नये, पण बाळाला फक्त पाजायला तिच्याजवळ आणा. ढेकर, लंगोट, जोजवणं दुसऱ्यानं करायचं. काही आठवड्यांनी दूध बसलं की रात्रीचं एक पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर भागवा. तिला सलग चार-पाच तास मिळतात.

बाळ झोपलंय, घर शांत आहे, तरी तिचा डोळा लागत नाही? ही खूण फार महत्त्वाची. दोन आठवडे उलटूनही उदासी, अपराधीपणा, बाळ परकं वाटणं चालूच असेल तर ते प्रसूतीपश्चात नैराश्य असू शकतं. ते वर्षभरात केव्हाही सुरू होतं. डॉक्टरांकडे हे नैराश्य ओळखायची एडिनबरा प्रश्नावली मागा: गेल्या ७ दिवसांवरचे १० प्रश्न, एकूण ३० गुण. १० किंवा जास्त आले तर सविस्तर तपासणी हवीच. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तिथं ‘कधीच नाही’ सोडून दुसरं काहीही उत्तर आलं, तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या, त्यांच्या बिघाडातही असाच थकवा येतो. नैराश्यावरच्या गोळ्या लागल्या तर पाजणं परस्पर बंद करू नका. सर्ट्रालिनसारखं औषध दुधात अगदी थोडं उतरतं.

हजारात एक-दोघींना मात्र पहिल्या दोन आठवड्यांतच भास होतात, भलते संशय येतात, झोप नसूनही अंगात विलक्षण जोर असतो. तिला एकटं ठेवू नका आणि बाळालाही एकट्या तिच्याजवळ सोडू नका. सकाळची वाट न बघता रात्रीच रुग्णालय गाठा.