क्लिक अचानक घसरले: अपडेट की साइटचा बिघाड, हे कसं ओळखलं

लक्षण असं: सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट गूगल शोधात कशी चालतेय ते दाखवणारं गूगलचं साधन) क्लिक एकदम खाली, साइटवर मात्र काहीच बदललेलं नाही. एसईओची (साइट शोधात वर आणण्याच्या तंत्राची) न्यूजलेटरं वाचली, व्हिडिओ पाहिले, शीर्षकं बदलून पाहिली. जो तो वेगळंच सांगत होता. डोकं पार उठलं.

शेवटी जमलं ते या क्रमाने. गूगलचा सर्च स्टेटस डॅशबोर्ड उघडून 'रँकिंग' विभागात कोअर अपडेट (गूगल शोधाचा क्रम ठरवण्याच्या पद्धतीतला मोठा बदल) कधी सुरू झालं आणि कधी संपलं, त्या तारखा टिपल्या. ते संपल्यावर पूर्ण आठवडा थांबलो. (याच काळात हात शिवशिवतात, पण साइटला हात लावायचा नाही.) मग सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये अपडेट संपल्यानंतरचा आठवडा आणि ते सुरू होण्याआधीचा आठवडा यांची तुलना लावली. सर्च टाइप 'वेब' ठेवला, आधी पेजेस, मग क्वेरीज (लोकांनी शोधलेले शब्द), 'पोझिशन'चा, म्हणजे निकालातल्या क्रमांकाचा रकाना चालू. दुसऱ्यावरून चौथ्यावर आलेलं पान तसंच सोडलं. चौथ्यावरून एकोणतिसाव्यावर फेकलेलं पान पहिल्या ओळीपासून तपासलं.

बातम्यांसाठी आता दोनच फीड ठेवलेत: डॅशबोर्डचा आणि सर्च सेंट्रलच्या (साइटमालकांसाठीची गूगलची साइट) डॉक्युमेंटेशन बदलांचा. १२ मार्च २०२४ ला पान वापरणाऱ्याला किती लवकर प्रतिसाद देतं हे मोजणाऱ्या एफआयडी या मापाच्या जागी आयएनपी हे नवं माप आलं, तसले बदल तिथे थेट कळतात.