ट्रॉफीच्या टेबलामागे

माझा पहिला अवॉर्ड शो मी पाहिलाच नाही. सकाळी १० पासून पहाटे ४ पर्यंत गोरेगावच्या चित्रनगरीत होतो, पण स्टेज दिसलं ते विंगेतल्या छोट्या मॉनिटरवर, तेही बिनआवाजाचं. हिंदी मालिकांच्या पुरस्कार सोहळ्यात असिस्टंट म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एवढी तयारी ठेवा. काळे कपडे, न वाजणारे बूट आणि खिशात दोन पेनं. सेल्फीचं नंतर बघू.

इंडियन टेली अवॉर्ड्स आणि 'आयटीए', म्हणजे इंडियन टेलिव्हिजन अकॅडमीचे पुरस्कार, हे दोन्ही २००१ मध्ये सुरू झालेले. शिवाय मोठ्या चॅनेलचे आपापले घरचे पुरस्कार असतात, मराठीतही. घरच्या कार्यक्रमात सगळे एकाच कुटुंबातले. सगळ्या इंडस्ट्रीच्या सोहळ्यात मात्र पहिल्या रांगेत कोण आणि दुसरीत कोण, यावरून लग्नघरासारखे रुसवेफुगवे चालतात. सीटिंगचं काम अंगावर आलं तर खुर्चीवरच्या नावाच्या चिठ्ठीला स्वतःहून हात लावू नका. सीनियरला सांगा आणि बाजूला व्हा.

बरेचसे सोहळे लाइव्ह नसतात. आधी रेकॉर्ड होतात आणि काही दिवसांनी काटछाट करून दाखवले जातात. म्हणून घरी दिसणारा क्रम आणि प्रत्यक्षातला क्रम यांचा फारसा संबंध नसतो. एखाद्या नायिकेला पहाटेचं शूट असलं की तिचा पुरस्कार आधी उरकतात. टाळ्यांचे शॉटही बऱ्याचदा वेगळे घेतात, स्टेजवर कुणीही नसताना आपणच ओरडायचं, "सगळ्यांनी जोरात!" कलाकार उठून गेले की रिकाम्या खुर्च्या कॅमेऱ्यात दिसू नयेत म्हणून तिथे माणसं बसवतात. माझ्या रूममेटने अशाच एका खुर्चीत बसून तीन तास टाळ्या वाजवल्या. टेलिकास्टमध्ये त्याचा फक्त कोपर दिसला.

क्रम असा सारखा बदलतो म्हणून रनिंग ऑर्डरच्या, म्हणजे कशानंतर काय हे लिहिलेल्या, कागदाला जिवापाड जपा. मी ट्रॉफी टेबलवर होतो. ट्रॉफ्या सगळ्या एकसारख्या, फरक काय तो खालच्या पट्टीवर. माझ्या हातात बदललेल्या क्रमाची सहावी प्रत होती, बाकीच्यांकडे सातवी. वॉकीवर "नेक्स्ट पाठव" आलं, मी पाठवली. 'सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्री' म्हणून पुकारलेल्या बाईंनी ट्रॉफी घेतली, पट्टी वाचली, 'सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रण', क्षणभर थांबल्या आणि आईवडिलांचे आभार मानून मोकळ्या झाल्या. विंगेत आल्यावर हसत माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "बेटा, यह किसी और की है." फ्लोअर मॅनेजर मात्र हसला नाही. नवी प्रत आली की जुनी तिथल्या तिथे फाडायची, हे मी त्या रात्री शिकलो.

पैशाचं आधीच विचारा, आणि व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या. या धंद्यात ९० दिवसांनी पैसे हा जुना रिवाज आहे. नवख्याला तो पहिल्या महिन्याचं भाडं भरताना कळतो. रात्री सुटल्यावर गाडी मिळणार का, हेही विचारा. चित्रनगरीच्या गेटपासून आतला सेट लांब असतो आणि ४ वाजता रिक्षा मिळेलच असं नाही.

आणखी एक. संकलक, लेखक, साउंडवाले यांचे पुरस्कार बहुतेकदा सुरुवातीला उरकतात आणि टेलिकास्टमध्ये झर्रकन जातात. ही मंडळी जेवणाच्या काउंटरजवळ निवांत उभी असतात, सहज बोलतात. मी ट्रॉफी बदलायला गेलो तेव्हा ते ध्वनिमुद्रक हातात पनीरची डिश घेऊन उभे होते. माफी मागितली. त्यांनी आधी नंबर मागितला, मग ट्रॉफी. पुढची दोन वर्षं मी त्यांच्याकडेच बूम, म्हणजे लांब दांड्याचा माईक, धरला. सेटवर मला अजून 'पट्टी' म्हणूनच हाक मारतात.