युद्धकाळातली गोष्ट मुलांकडून लिहून घेताना या चुका टाळा

सहावी-सातवीच्या मुलांना ‘दुसऱ्या महायुद्धावर गोष्ट लिहा’ एवढंच सांगितलं, की पहिल्या ओळीत रणगाडे येतात आणि दुसऱ्या पानावर हिटलर मरतो. यात मुलांचा दोष नाही, आपण विषयच अवाढव्य दिलेला असतो. एक दिवस द्या, एक घर द्या. मी 14 एप्रिल 1944 देते. त्या शुक्रवारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे 1400 टन स्फोटकंही. दुपारी 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा.

माझी सगळ्यात मोठी चूक म्हणजे ही सगळी माहिती मी आधीच फळ्यावर लिहिली. मग वहीवहीतून गोष्टीतली, चाळीत राहणारी दहा वर्षांची मुलगी आईला सांगू लागली, “आई, त्या जहाजात 1400 टन स्फोटकं होती गं!” तिला कुठून कळणार? युद्धामुळे बातम्यांवर सेन्सॉर होता, आणि जपान्यांनीच हल्ला केला अशी अनेकांची समजूत झाली होती. आता मी आधी आकडे देत नाही. पानाचे दोन भाग करायला लावते: तिनं काय पाहिलं-ऐकलं, आणि त्यावरून तिला काय वाटलं. दुसऱ्या भागातला अंदाज चुकीचा निघाला, तर तो अजिबात दुरुस्त करू नका. गोष्ट तिथेच सुरू होते.

दुसरी अडचण सोन्याची. जहाजात सोन्याच्या विटा होत्या आणि त्यातली एक मैलभर लांबच्या एका घराचं छप्पर फोडून आत पडली. हे खरं आहे, पण एकदा सांगितलं की वर्गातल्या प्रत्येक घरात वीट पडते! ती हवीच असेल तर आधी विचारा: वीट पडली तेव्हा चुलीवर काय होतं? मुंबईत 1943 पासून रेशनिंग होतं. डब्यात तांदूळ किती उरले होते? एवढं लिहिता लिहिता बरीच मुलं विटेला विसरतात.

1944 च्या गोष्टीत टीव्हीवर ब्रेकिंग न्यूज आली, तर लाल पेन उचलू नका. “हे तिला कोणी सांगितलं?” एवढंच विचारा. मूल आपणच शेजारच्या काकूंपर्यंत पोचतं.

प्रेतांचे फोटो दाखवू नका. काही मुलं गप्प होतात, काही चेकाळतात.

आणि शेवटी तिरंगा फडकवायचा आग्रह सोडा. एका मुलाच्या गोष्टीत बाबा रात्री उशिरा घरी येतात. आजी काही न विचारता त्यांची टोपी झटकते आणि कापसाची राख जमिनीवर पडते. “पुढे काय झालं?” हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. नाही विचारलं.