होलीची खोकी नाताळाआधी पाठवताना: ऑरेगन-वॉशिंग्टनमधल्या बागायतदारांसाठी सल्ला

होली म्हणजे नाताळच्या सजावटीला लागणारं, चकचकीत काटेरी पानांचं आणि लाल फळांचं झाड. तिच्या कापलेल्या फांद्यांच्या मालाबद्दल गिऱ्हाइकाची तक्रार बहुधा एकच असते. खोकं उघडलं तर पानं गळून पडलेली, लाल फळं तळाशी घरंगळलेली आणि हातात नुसत्या काड्या. झाडावर तर माल चकचकीत होता. मग वाटेत झालं काय? बहुतेक वेळा उत्तर इथिलीन असतं.

आपल्याकडे आंब्याच्या आढीत किंवा केळी पिकवायच्या खोलीत जो वायू कामाला येतो, तोच होलीचा वैरी आहे. तो लागला की पानाच्या देठाशी आणि फळाच्या देठाशी पेशींचा थर सुटा होतो, आणि जरा धक्का लागला तरी गळ सुरू होते. वॉशिंग्टन हे अमेरिकेतलं सफरचंदाचं राज्य. नोव्हेंबरात शीतगृहं सफरचंद-नासपतींनी भरलेली असतात, ट्रकही तेच वाहतात. त्यामुळे फळांच्या शीतगृहात होलीला जागा मिळते म्हणून खूश होऊ नका. खोलीत फळांची एक पेटीही नको. गॅसवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टच्या धुरातही इथिलीन असतं, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

यावर इथल्या होलीवाल्यांचा जुना उपाय म्हणजे एनएए (नॅफ्थॅलिन ॲसेटिक ॲसिड). महाराष्ट्रात कापसाची पातेगळ किंवा आंब्याची फळगळ थांबवायला फवारतात तेच हे संजीवक. फांद्या कापल्या त्याच दिवशी, खोकी भरायच्या आधी त्यात बुडवायच्या. दुसऱ्या दिवशी बुडवलं तर गळ आधीच आत सुरू झालेली असू शकते. द्रावणाचं प्रमाण उत्पादनाच्या लेबलवर असेल तेच घ्या, आणि त्या लेबलवर कापलेल्या होलीसाठी वापराची परवानगी आहे ना, हे आधी पाहा. हात राखून टाकू नका, पण भर घालूनही फायदा नाही. फांदी पूर्ण बुडवायची, लगेच काढायची आणि जाळीवर निथळत ठेवायची. इथे घाई करू नका. पानावर थेंब लोंबत असताना खोकं भरलं, तर चार दिवसांनी आत काळी, चिकट पानं मिळतील.

कापणीच्या वेळेबद्दल. पानांवर दव गोठलेलं असेल तर झाडाला हातही लावू नका. गोठलेलं पान दाबलं गेलं की तेव्हा काही दिसत नाही, पण दोन-तीन दिवसांत तिथे काळा डाग उठतो. ऊन येऊन पान मोकळं होऊ द्या, मग कात्री चालवा. दुसरा डाग काट्यांचा. होलीच्या पानाचा काटा शेजारच्या पानाला टोचतो आणि तिथे जांभळट कडेचा ठिपका पडतो. म्हणून फांद्या कोंबून भरायच्या नाहीत, सगळ्यांची टोकं एका दिशेला ठेवायची. सततच्या पावसात झाडावरच काळे डाग आणि वाळके शेंडे दिसत असतील, तर तो फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूचा करपा. असली फांदी बाजूला काढा. खोक्यातल्या दमटपणात तो वाढतच जातो.

होलीचं फळ फक्त मादी झाडाला येतं आणि फुलं येतात ती आदल्या वर्षीच्या फुटीवर. यंदा झाड ओरबाडलं तर पुढच्या डिसेंबरला त्याच झाडावर हिरवी पानंच मिळतील. झाडं वाटून घ्या, एका वर्षी अर्धी बाग कापा. परागासाठी नर झाड मात्र राखून ठेवा. फळ नाही म्हणून ते तोडणारे लोकही आहेत.

खोक्याला आतून प्लॅस्टिकचं अस्तर हवं, पण हवाबंद नको. वर ओलसर वर्तमानपत्राचा थर द्या, टपकणारं ओलं नव्हे. तापमान शून्य ते दोन अंश सेल्सिअस आणि हवेत भरपूर दमटपणा राखला, तर चांगला माल तीन आठवडे सहज टिकतो. भरलेलं खोकं आधी थंड होऊ द्या, मग गाडीत चढवा. गरम खोकं गाडीत थंड होत नाही, बाकीच्यांनाच तापवतं.

पाठवणी सोमवारी किंवा मंगळवारी. शुक्रवारचं खोकं शनिवार-रविवार कुठल्यातरी गोदामात पडून राहतं. ट्रकने पूर्व किनाऱ्याला जायला पाच-सहा दिवस धरा, डिसेंबरात आणखी दोन. माळा आणि दारावर टांगायची पानांची गोल कडी बनवणाऱ्या दुकानदारांना माल थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, आसपासच लागतो, म्हणजे त्यांची मागणी ऑक्टोबरअखेर पक्की झाली पाहिजे. घरगुती गिऱ्हाइकांचा माल डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघाला तर बरं. मागणी घेताना वजन विचारतो तसं हेही विचारून लिहून घ्या: फळवाली किती, साधी किती, पांढऱ्या कडेच्या पानांची हवी का, आणि फांदी केवढी लांब. कड्यांना वीतभर पुरते, फुलदाणीला हातभर लागते. राज्याबाहेर पाठवताना तिथल्या कृषी खात्याचे रोपं-फांद्यांचे नियम आधी बघा.

वसईच्या किंवा गोव्याच्या नातलगांना नाताळाची भेट म्हणून खोकं धाडायचा मोह टाळा. 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार भारतात असा माल आणायला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. नाहीतर तो विमानतळावरच अडकेल.

प्रत्येक खोक्यात गिऱ्हाइकासाठी एक चिठ्ठी ठेवा, तिच्यात हे लिहा. पोचल्यावर देठाचं टोक बोटाच्या पेराएवढं नव्याने कापून गार पाण्यात उभं करा, हीटरपासून आणि फळांच्या टोपलीपासून लांब. फळं विषारी आहेत, लहान मूल किंवा कुत्रा खाईल अशी सोडू नका. सण झाल्यावर फांद्या परसात टाकू नका, कचऱ्याच्या डब्यात घाला. पक्षी बिया नेतात, आणि पश्चिम वॉशिंग्टनच्या जंगलात होली तण होऊन बसली आहे ती अशीच.