विद्यापीठाच्या वार्तापत्रातील ‘सन्मान’ सदर कसे तयार करावे

विद्यापीठाच्या वार्तापत्रात शिक्षकांना आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना मिळालेल्या पुरस्कारांचे एक सदर असतेच, आणि बहुतेक ठिकाणी ते अंक छपाईला जाण्याच्या आदल्या दिवशी, हाती येईल त्या मजकुरावर भरले जाते. वास्तविक या सदरातील ओळी वार्तापत्रातच संपत नाहीत. त्या वार्षिक अहवालात जाऊन अधिसभेपुढे येतात, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षामार्फत विद्यापीठांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅककडे पोहोचतात आणि संबंधित शिक्षकाच्या पदोन्नतीच्या फाइललाही जोडल्या जातात. त्यामुळे येथे झालेली चूक पुढे तीन-चार कागदांवर उतरते. हे काम ज्यांच्याकडे नव्याने आले आहे, अशा प्राध्यापकांसाठी आणि जनसंपर्क कक्षातील कर्मचाऱ्यांसाठी पुढील मार्गदर्शन आहे.

प्रथम माहिती गोळा करण्याची व्यवस्था लावावी. विभागप्रमुखांना दर महिन्याला एकच ठरावीक तारीख देणारे परिपत्रक आणि त्यासोबत एक साधा ऑनलाइन अर्ज पुरेसा होतो. अर्जात पुरस्काराचे अधिकृत नाव, देणारी संस्था, पुरस्काराचे वर्ष, तो कोणत्या कामासाठी मिळाला, जाहीर झाल्याची तारीख, प्रदान झाल्याची तारीख आणि पुरस्काराचे पत्र यांसाठी स्वतंत्र रकाने असावेत. पत्राची प्रत जोडल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही, अशी सोय केल्यास निम्मे काम तेथेच होते. नॅकच्या वार्षिक गुणवत्ता अहवालासाठी ही पत्रे पुढे मागितली जातातच, आणि दोन वर्षांनी ती शोधत बसण्यापेक्षा आजच मागून घेणे बरे. मात्र परिपत्रकावर सारी भिस्त ठेवू नये. ज्यांना मोठे सन्मान मिळतात, त्यांतील अनेक जण स्वतः काहीच कळवत नाहीत, आणि ज्यांना एखाद्या परिषदेत सत्राध्यक्ष म्हणून गुच्छ मिळाला, ते छायाचित्रासह त्याच दिवशी कळवतात. म्हणून पुरस्कार देणाऱ्या प्रमुख संस्थांच्या घोषणांवर आपणच लक्ष ठेवावे.

परिपत्रकाची दुसरी उणीव अशी की ते शिक्षकेतर कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही. परीक्षा भवन, ग्रंथालय, मुद्रणालय, स्थावर विभाग, वाहन विभाग, उद्यान आणि सुरक्षा या ठिकाणी स्वतः जाऊन किंवा दूरध्वनी करून विचारावे लागते. आस्थापना विभाग आणि कर्मचारी संघटनेचे पदाधिकारी यांच्याकडे यातील बरीच माहिती असते. या मंडळींचे सन्मान पुष्कळदा नोकरीबाहेरच्या कामासाठी असतात. हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाचे रौप्यपदक मिळवणारे लिपिक, मॅरेथॉन धावणारे सुरक्षारक्षक, भजन स्पर्धेत पहिले आलेले प्रयोगशाळा परिचर, असे लोक बहुतेक प्रत्येक विद्यापीठात असतात. अशा बातम्या ‘विद्यापीठाच्या कामाशी संबंध नाही’ म्हणून गाळण्याची रीत आहे; ती मला मान्य नाही. प्राध्यापकांच्या कवितासंग्रहाला मिळालेला पुरस्कार आपण छापतो, तर लिपिकाच्या अभिनयाला मिळालेले पदक गाळण्याचे कारण राहत नाही. अट एकच, तपशील तितकाच काटेकोर हवा: पदक स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतील आहे की अंतिम फेरीतील, हे लिहिलेच पाहिजे.

यानंतर आलेल्या माहितीची वर्गवारी करावी लागते, आणि खरे कौशल्य येथे आहे. पुरस्कार, अकादमीचे सदस्यत्व, संशोधनासाठी मिळालेले अर्थसाहाय्य, समितीवरील नियुक्ती आणि पेटंट या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकाच मथळ्याखाली घातल्या की सगळ्यांचेच वजन कमी होते. इंडियन नॅशनल सायन्स अकादमी, सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये बेंगळुरूत स्थापन केलेली इंडियन अकादमी ऑफ सायन्सेस किंवा प्रयागराजची नॅशनल अकादमी ऑफ सायन्सेस यांचे फेलो म्हणून निवड होणे हा आजवरच्या कामाचा सन्मान आहे. फुलब्राइट-नेहरू फेलोशिप ही पुढे करायच्या कामासाठी स्पर्धेतून मिळालेली मदत आहे. दोन्हींचा आनंद आहे, पण दोन्हींची जागा वेगळी. तसेच रॉयल सोसायटीचे फेलो आणि रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीचे फेलो यांत मोठे अंतर आहे. पहिले पद निवडणुकीने मिळते, तर दुसऱ्यासाठी रसायनशास्त्रातील अनुभवी व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते. विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांची संघटना असलेल्या ‘आयट्रिपलई’चे फेलो आणि सीनिअर मेंबर यांचेही असेच आहे: फेलो म्हणून एका वर्षात मतदार सदस्यांच्या ०.१ टक्क्याहून अधिक लोक निवडले जात नाहीत, सीनिअर मेंबरसाठी मात्र अर्ज करता येतो. वर्गणी भरून मिळालेले आजीव सदस्यत्व तर या सदरात येऊच नये.

अलीकडे दर वर्षी येणारी एक बातमी म्हणजे ‘स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जागतिक दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत समावेश’. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन इओॲनिडिस आणि त्यांचे सहकारी शोधनिबंधांच्या स्कोपस या सूचीतील संदर्भांच्या आधारे ही आकडेवारी तयार करतात आणि एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेच्या माहिती-भांडारात ती प्रसिद्ध होते. तो पुरस्कार नाही. त्यासाठी निवड समिती नसते आणि नामांकनही मागवले जात नाही. यादीचे दोन भाग असतात, एक संपूर्ण कारकिर्दीचा आणि दुसरा एका वर्षाचा, आणि दोहोंतील नावे बरीच वेगळी असतात. म्हणून बातमी द्यायचीच असेल तर ‘नोंदी’ या उपशीर्षकाखाली द्यावी, कोणता भाग हे स्पष्ट लिहावे आणि ‘स्टॅनफर्डने गौरवले’ असे शब्द टाळावेत.

सर्वांत अवघड प्रश्न पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतील संशोधन गुणांच्या तक्त्यात आंतरराष्ट्रीय पुरस्काराला किंवा फेलोशिपला ७ आणि राष्ट्रीय पातळीवरच्या पुरस्काराला ५ गुण ठेवले आहेत. गुणांना मागणी आली तशी नावात ‘इंटरनॅशनल’ आणि ‘एक्सलन्स’ हे शब्द घेऊन पुरवठाही उभा राहिला. एखाद्या हॉटेलच्या सभागृहात एकाच संध्याकाळी पन्नास-साठ जणांना मानचिन्हे देणाऱ्या संस्थेचा पुरस्कार आणि परीक्षकांच्या समितीने निवडलेला पुरस्कार शेजारी-शेजारी छापले, तर अन्याय दुसऱ्यावर होतो. त्यामुळे अपरिचित संस्थेच्या बाबतीत चौकशी करावी: निवड कोणी केली, त्या समितीतील नावे जाहीर आहेत का, नोंदणी शुल्क किंवा ‘प्रक्रिया शुल्क’ भरावे लागले का, यापूर्वीचे मानकरी कोण होते आणि एका वर्षी किती जणांना हा पुरस्कार दिला जातो. शुल्क भरावे लागले असेल तर माझ्या मते नोंद घेऊ नये. बाकी शंकांचा निर्णय एकट्याने न घेता तीन जणांच्या छोट्या समितीवर सोपवावा आणि निकष आधीच परिपत्रकात जाहीर करावेत. निकष लेखी असले म्हणजे ‘सर, या वेळी आपली नोंद घेता येत नाही’ हे सांगणे जड जात नाही, आणि ऐकणाऱ्यालाही तो व्यक्तिगत अपमान वाटत नाही.

मानद डॉक्टरेटबद्दल अधिकच सावध राहावे. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. एखाद्या न्यासाने किंवा ‘पीस युनिव्हर्सिटी’ छापाच्या नावाच्या मंडळाने दिलेली डॉक्टरेट वार्तापत्रात छापणे म्हणजे खऱ्या विद्यापीठाने तिच्यावर शिक्का मारणे होय.

पद्म पुरस्कारांबाबत आपल्याकडे जवळजवळ सगळेच चुकतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या डिसेंबरमध्ये बालाजी राघवन खटल्यात असा निर्णय दिला की हे पुरस्कार संविधानाच्या अनुच्छेद १८ मधील ‘किताब’ नाहीत, आणि म्हणूनच ते नावाच्या आधी किंवा नंतर उपाधीसारखे लावता येणार नाहीत. पत्रिका, फलक आणि बातम्या यांत ‘पद्मश्री डॉ. अमुक’ असे सर्रास लिहिले जात असले, तरी विद्यापीठाच्या अधिकृत प्रकाशनात ते नको. ‘डॉ. अमुक यांना २०१९ मध्ये पद्मश्री पुरस्कार प्रदान करण्यात आला’ असे पूर्ण वाक्य लिहावे.

नावे बदललेल्या पुरस्कारांवरही लक्ष ठेवावे लागते. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार १९५८ पासून ४५ वर्षांखालील शास्त्रज्ञांना दिला जात होता. आता तो राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत सामावला गेला असून त्याचे पूर्ण नाव ‘विज्ञान युवा-शांतिस्वरूप भटनागर’ असे आहे; त्याच्या जोडीला विज्ञान रत्न, विज्ञान श्री आणि गटासाठीचा विज्ञान टीम असे आणखी तीन पुरस्कार आहेत. नव्या रूपातील पहिले पुरस्कार ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रपती भवनात दिले गेले. त्यामुळे अलीकडच्या बातमीत नुसते ‘भटनागर’ लिहिणे अपुरे आहे, आणि जुन्या मानकऱ्याला नवे नाव लावणेही चूक आहे. विज्ञान टीमसारखा पुरस्कार असेल तर गटातील आपल्या सर्व सहकाऱ्यांची नावे द्यावीत, केवळ प्रमुखाचे नव्हे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या राष्ट्रीय पुरस्कारांतही एककाला मिळालेला पुरस्कार आणि कार्यक्रम अधिकाऱ्याला व्यक्तिशः मिळालेला पुरस्कार यांची गल्लत होऊ देऊ नये.

कोणाला ‘आपले’ म्हणावे, हाही प्रश्न येतो. पुण्यात गणेशखिंडच्या परिसरात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशेजारीच आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. परिसर एक असला तरी या स्वतंत्र संस्था आहेत. आयुकाचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर यांना २०२५ चा विज्ञान रत्न मरणोत्तर जाहीर झाला; ही बातमी विद्यापीठाने आदराने द्यावी, पण ‘विद्यापीठातील शिक्षकांचे सन्मान’ या आकड्यात ती मिळवू नये. निवृत्त प्राध्यापकांचेही तसेच. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात मराठीचे अध्यापन केलेले डॉ. सुधीर रसाळ यांना निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. अशा नोंदींसाठी ‘निवृत्त सहकारी’ असा वेगळा भाग ठेवला की अभिमानही व्यक्त होतो आणि अहवालातील संख्याही शुद्ध राहते.

तारखांचा घोळ टाळण्यासाठी हेच उदाहरण उपयोगी आहे. रसाळ यांचा पुरस्कार २०२४ चा. तो १८ डिसेंबर २०२४ रोजी जाहीर झाला आणि त्या वर्षीच्या पुरस्कारांचा प्रदान सोहळा मार्च २०२५ मध्ये झाला. शिवाय अकादेमी त्या वर्षीची नव्हे, तर त्याआधीच्या काही वर्षांतील पुस्तके विचारात घेते. म्हणजे पुस्तकाचे वर्ष, पुरस्काराचे वर्ष आणि सोहळ्याचे वर्ष अशी तीन वर्षे संभवतात. बातमी जाहीर झाल्यावर द्यावी, प्रदानानंतर फक्त छायाचित्र द्यावे आणि वार्षिक अहवालातील मोजणीसाठी जाहीर झाल्याची तारीख धरावी. नाहीतर एकच पुरस्कार दोन अहवालांत दोनदा मोजला जातो. साहित्य अकादेमीचा मुख्य पुरस्कार, अनुवाद पुरस्कार, बालसाहित्य पुरस्कार आणि युवा पुरस्कार हे चार वेगळे आहेत, तेव्हा ‘अकादेमी पुरस्कार’ एवढ्यावर थांबू नये.

प्रत्यक्ष नोंद लिहिताना एका वाक्यात सारे यावे. नमुना असा: ‘मराठी विभागाचे निवृत्त प्राध्यापक डॉ. सुधीर रसाळ यांच्या “विंदांचे गद्यरूप” या समीक्षाग्रंथाला साहित्य अकादेमीचा २०२४ चा मराठी भाषेसाठीचा पुरस्कार जाहीर झाला.’ पुरस्कार फारसा परिचित नसेल तर तो कशासाठी दिला जातो, हे आणखी एका वाक्यात सांगावे. सन्मान शोधनिबंधासाठी असेल, तर त्या संशोधनात नेमके काय हाती लागले, हे विषयाबाहेरच्या वाचकाला कळेल अशा दोन ओळी त्या शिक्षकांकडूनच लिहून घ्याव्यात. या सदरातील सर्वांत वाचनीय भाग तोच होतो. ‘विद्यापीठाच्या शिरपेचात मानाचा तुरा’ आणि ‘सर्व स्तरांतून अभिनंदनाचा वर्षाव’ ही वाक्ये कोणत्याही नोंदीला चिकटवता येतात, म्हणून ती एकाही नोंदीत ठेवू नयेत. आदराची रूपे सर्वांना सारखी असावीत: प्राध्यापकांना ‘यांना’ आणि शिपायांना ‘ला’, असे दिसले तर ते तत्काळ दुरुस्त करावे. नोंदींचा क्रम पदानुसार न लावता जाहीर झाल्याच्या तारखेनुसार लावावा. कुलगुरूंचा सन्मान पहिल्या क्रमांकावर घेण्याचा आग्रह होईल. ज्याची त्याची तारीख आडवी आली की तो आग्रह ओसरतो.

छपाईपूर्वी प्रत्येक नोंद संबंधित व्यक्तीला दाखवून नावाचे लेखन, पदनाम आणि विभाग यांची खात्री करून घ्यावी. पुरस्काराची रक्कम, वय किंवा घरचा पत्ता विचारल्याशिवाय छापू नये. छायाचित्राखाली डावीकडून क्रमाने सर्वांची नावे द्यावीत. अंक निघाल्यावर चूक लक्षात आली तर पुढील अंकात त्याच सदराच्या आरंभी दुरुस्ती छापावी, संकेतस्थळावरील प्रतीतही ती करावी आणि गुणवत्ता हमी कक्षाला तिची लेखी सूचना पाठवावी. पत्रांच्या प्रती शैक्षणिक वर्षानुसार लावलेल्या धारिकेत ठेवाव्यात, आणि काम दुसऱ्याकडे सोपवताना धारिकेसोबत त्या ऑनलाइन अर्जाचा ताबाही द्यावा, कारण तो बहुधा आधीच्या प्राध्यापकांच्या वैयक्तिक ई-मेल खात्यावर तयार झालेला असतो.